कूलरवाला समुद्रात

आधी होडी

जे लोक अजून समुद्रात कयाक घेऊन गेले नाहीत त्यांनी हे वाचावं. जे गेलेत त्यांनी वाचू नये, कारण ते हसतील, आणि माझ्यावर हसायचं काम मी स्वतःच करतो, बाहेर कोणाला देत नाही.

कयाक म्हणजे लांब, सडपातळ, दोन्ही टोकांना निमुळती होडी. माणूस तिच्या पोटातल्या खड्ड्यात पाय लांब करून बसतो आणि दोन्हीकडे पाती असलेलं एकच वल्हं डावी-उजवी मारत जातो. बस, इतकंच. फोनवर पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं की हे तर बसून करायचं काम आहे, आणि बसण्यात ग्वाल्हेरमधे माझा हात कोणी धरणार नाही.

शिक्षणाचं बोलायचं तर आठवीत मी दोनदा गेलो, आठवी माझ्यात एकदाही आली नाही. नया बाजारच्या मागच्या गल्लीत माझं फायबरच्या कूलरचं काम आहे. साचा, फायबरची मॅट, रेझिन आणि वास. एप्रिल-मेमधे जेवायला वेळ नसतो आणि दिवाळीपासून होळीपर्यंत दुकानात माशीसुद्धा दुसऱ्याचा पत्ता विचारायला येते. त्या रिकाम्या महिन्यांत माणसाने एक तर दारू प्यावी नाही तर छंद करावा. दारूने मला उलटी होते.

पहिली होडी घेतली हवा भरायची. तिघऱ्याच्या धरणावर नेली, किनाऱ्यावर बाभळीचा एक काटा तिची वाटच बघत होता. दुसरी घेतली प्लास्टिकची, वर बसून चालवायची. बुडत नव्हती, पण चालतही नव्हती, म्हशीसारखी पाण्यात नुसती बसून राहायची. मग कोणी सांगितलं की समुद्राची खरी कयाक वेगळी असते, सतरा फुटांची, मागे-पुढे बंद कप्पे, म्हणजे उलटली तरी कप्प्यांतली हवा तिला तरंगत ठेवते. दिल्लीला जाऊन एकाकडे ती बघून आलो. सगळीकडून हात फिरवला. घरी येऊन सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, बोललो, "अगं, तो तर नुसता लांबट कूलर आहे."

ती बोलली, "मग कूलरच बनवा. तेवढंच येतं तुम्हाला."

बनवली. दोघांची. ट्रकमधून नेता यावी म्हणून तीन तुकड्यांत, मधे बोल्ट आणि कूलरच्या दाराची रबरपट्टी. दोन्ही टोकांच्या कप्प्यांना वर झाकण, आणि कुठून पाणी झिरपलंच तर काढायला तळाशी एकेक पाऊण इंचाचं भोक, त्याला रबरी बूच. रंगसुद्धा कूलरचाच दिला, खाली हिरवा, वर मलई. दुसरा रंग दुकानात नव्हता.

तिघऱ्यावर पहिल्या दिवशी काठावरचा एक चणेवाला बराच वेळ बघत राहिला. मग बोलला, "भैया, कूलर को नहलाने लाए हो क्या?"

त्या वर्षी दसऱ्याला घरात तलवारीची पूजा झाली तेव्हा मी वल्हंही शेजारी ठेवलं. आमचे पूर्वज दक्खनेतून शिंद्यांच्या फौजेत आले, तीच तलवार. काका वल्ह्याला हळद-कुंकू लावताना बोलले, "हे कोणाला मारायला?" मी बोललो, "स्वतःला."

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही. मला पोहता येत नव्हतं. लग्न ठरताना सुनीताच्या भावाने विचारलं होतं, कारण त्यांचं गाव आमच्याकडच्या सिंध नदीच्या काठावर, पाहुणा आला की त्याला नदीवर नेतात. मी बोललो, "मासा आहे मी." त्यानंतर एकवीस वर्षं दर उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो आणि नदीवर जायच्या दिवशीच मला बरोबर सर्दी झाली. तिघऱ्यात दोन हिवाळे होडी चालवली ती अंगात तरंगायचं जॅकेट घालून, आणि एकदाही उलटलो नाही. म्हणून ही गोष्ट कोणाला कळली नाही. सुनीतालासुद्धा.

समुद्राकाठी

आमच्याकडून कूलर घेऊन गेलेला एक फौजी होता, ग्वाल्हेरला ड्यूटीवर, मूळ वेंगुर्ल्याच्या बाजूचा. त्याने आपल्या काकांचा पत्ता दिला. त्यांना गावात सगळे दाजी म्हणतात. सत्तरीचे, आयुष्यभर मासे मारले, आता घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. फोनवर मी विचारलं की कधी येऊ, तर त्यांनी तारीख सांगितलीच नाही. अष्टमी सांगितली. पुनव-अमावस्येला समुद्र जास्त चढतो-उतरतो, अष्टमीला कमी ओढतो. आमच्या घरात पंचांग फक्त एकादशी चुकू नये म्हणून असतं. मी पहिल्यांदाच ते होडीसाठी उघडलं.

जानेवारीत पोचलो. ग्वाल्हेरमधे तेव्हा लोक धुक्यात एकमेकांना हाका मारून ओळखतात, आणि इथे दाजी अंगणात उघड्या अंगाने जाळं विणत बसलेले. होडीचे तीन तुकडे आमच्या आधी ट्रकने आले होते. मी ते जोडायला घेतले तसे दाजी उठून आले. बोटांनी सगळे जोड चाचपले, एका ठिकाणी नखाने वाजवलं.

"कोणी केली?"

"मी."

"काम बरां आसा," ते बोलले. मग सुनीताला बोलले, "तुझो घोव कारागीर आसा गो."

एकवीस वर्षांत माझं कौतुक बायकोसमोर कोणी केलेलं मला आठवत नाही. मी इतका फुगलो की हवेच्या होडीची आठवण आली.

आमचं मराठी ऐकून दाजींच्या बायकोला, काकींना, फार मजा यायची. मी बोललो, "काकी, चहा थोडी कडक द्या," तर त्या आतल्या सुनेला बोलवून आणून मला तेच पुन्हा बोलायला लावायच्या. सकाळी ग्वाल्हेरच्या बाड्यावर, म्हणजे चौकात, तळलेली बेडई आणि जलेबी खाणाऱ्या माणसाला इथे तांदळाचे पांढरेशुभ्र घावणे आणि नारळाचा गोड रस. मी तीन खाऊन विचारलं की नाश्ता कधी आहे. दुपारी बांगड्याची आमटी. काटे काढायची अक्कल मला नाही, सुनीताने माझ्या ताटातले काढून दिले, आणि काकी बघत बसल्या जसं काही ती पाच वर्षांच्या मुलाला भरवतेय.

दुसऱ्या दिवशी खाडीत सराव केला. दुपारी होडी पाण्याच्या कडेला ठेवून सुरूच्या झाडाखाली झोपलो. धरणाचं पाणी जिथे ठेवाल तिथे राहतं. इथलं पाणी उठून आलं आणि होडी घेऊन फिरायला गेलं. शिंपल्या गोळा करणाऱ्या एका बाईने ती पकडून झुडपाला बांधून ठेवली होती. तिने मला काही विचारलं नाही, नुसतं वरपासून खालपर्यंत बघितलं.

रात्री जेवताना दाजींनी समुद्रातला बेत ठरवून दिला. समोर दीडेक किलोमीटरवर एक काळा खडक आहे, पक्ष्यांचा. सकाळी सातला निघायचं, समुद्र तेव्हा झोपलेला असतो. "धा वाजाच्या आत माघारी येवचां. मगे वारो फिरतलो." आणि हाताने दाखवलं की वारा उत्तर-पश्चिमेकडून येतो, आणि परत येताना होडीला उजवीकडे ढकलतो, जिथे वाळू संपते आणि कड्याखाली खडक आहेत. "थंय जाव नको."

मी मान हलवली. मान हलवण्यात मी हुशार आहे.

काळा खडक

सातला निघालो. सुनीता पुढच्या खड्ड्यात, मी मागच्या. मधल्या जाळीत पाणी, गूळ-चणे, एक प्लास्टिकचा मग आणि दोरी. पाणी इतकं सपाट होतं की वल्ह्याचे थेंब पडलेले मोजता आले असते. अर्ध्या तासात खडकाजवळ पोचलो. मागच्या अंगाला एक छोटी वाळूची जागा होती, तिथे उतरलो. पांढरे पक्षी आमच्यावर नाराज होऊन वर फिरायला लागले. मला वाटलं की हाच तो क्षण, यासाठी दोन वर्षं रेझिनचा वास घेतला.

तिथे मी माती खाल्ली. मला बाड्यावरच्या मित्रांना पाठवायला व्हिडिओ करायचा होता. "नमस्कार भाइयो, मैं समुंदर के बीच से बोल रहा हूँ." पहिल्यांदा सूर्य डोळ्यांत आला. दुसऱ्यांदा पक्ष्याने खांद्यावर आपलं मत दिलं. तिसऱ्यांदा मी वाक्य विसरलो. सुनीता दोनदा बोलली, "अहो, दाजींनी दहा सांगितलेत." मी बोललो, "एक बस, आखिरी." असे अकरा आखिरी झाले. निघालो तेव्हा पावणेदहा.

पाणी बदललं होतं. लाटा मोठ्या नव्हत्या, पण छोट्या-छोट्या, जवळजवळ, होडीच्या बुडाला थपडा मारणाऱ्या. अर्धं अंतर आलो असू तेव्हा डाव्या कानाला थंड लागलं. वारा.

"अहो," सुनीता पुढून बोलली, "मी वर का जातेय?"

मी बघितलं तर होडीचं नाक पाण्याच्या वर उचललेलं. तिची पाठ मला उंचावर दिसत होती, जशी झोपाळ्यावर बसली असावी.

"तुम्ही जड झालात का?"

"घावणे खाल्ले ना," मी बोललो. पण मान मागे वळवली. माझ्या पाठीमागचा भाग पाण्याच्या बरोबरीला आला होता. एक लाट झाकणावरून सरळ पलीकडे गेली, तिने होडी आहे हे बघितलंसुद्धा नाही.

मागचा कप्पा भरत होता.

आणि मला त्याच वेळी कळलं की का. हे नीट सांगतो. कूलरमधे पाणी आत असतं. म्हणून तळाचं बूच आम्ही आतून बसवतो, म्हणजे पाण्याचं वजन त्याला आणखी घट्ट दाबतं. पंचवीस वर्षं माझे हात हेच करत आलेत. होडीत पाणी बाहेर असतं. आतून बसवलेल्या बुचाला पाणी आत ढकलतं. तिघऱ्याच्या शांत पाण्यात, तासाभरासाठी, ते टिकलं. इथे लाटांनी खालून सारखं ठोकलं आणि बूच निघून आत पडलं. दोन्ही बुचं मीच बसवली होती, पुढचंही, तसंच.

"मागे पाणी शिरतंय," मी बोललो. "खाली भोक आहे."

"भोक?" ती वळली. "होडीला भोक कशाला?"

"पाणी काढायला."

"कुठलं पाणी?"

"आत आलेलं."

"कुठून आलेलं?"

वल्हं मारणं थांबवलं तसं वाऱ्याने होडीचं उचललेलं नाक उजवीकडे वळवलं. उजवीकडे वाळू संपत होती. कड्याखाली पांढरा फेस उडताना दिसत होता, आवाज मात्र अजून येत नव्हता.

"मागचं झाकण काढून हात घाला ना."

"हात पोचत नाही. मी उठलो तर उलटू."

"मग खाली उतरून बाहेरून बंद करा. तुम्हाला जागा माहीत आहे."

ती वाट बघत होती. एक लाट आली, माझ्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकून गेली.

"सुनीता, मला पोहता येत नाही."

तिने पूर्ण मान वळवून माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मला लग्नाच्या वेळीही मिळालं नव्हतं.

"मासा," ती बोलली. एवढंच.

मग तिने वल्हं दोरीला अडकवलं, जॅकेटची चिमटी उघडली आणि जॅकेट काढलं, कारण ते घालून पाण्याखाली जाता येत नाही. मी बोललो की नको काढू. तिने ऐकलं नाही. ओढणी कंबरेला गुंडाळली आणि एका बाजूने, नदीत म्हशीच्या पाठीवरून उतरतात तशी, सरकन पाण्यात गेली. होडी इतकी डोलली की मी दोन्ही हातांनी काठ धरले. एक बायको पाण्यात आणि नवरा काठ धरून बसलेला.

ती बाजूने सरकत मागे आली. ओठ पांढरे पडले होते. "कुठे आहे?"

"मधोमध. टोकापासून दोन हात."

ओढणीची कड दातांनी फाडून तिने पट्टी काढली. देवाच्या दिव्याची वात वळतात तशी ती मांडीवर वळायला गेली, मांडी पाण्यात, मग तळव्यांत वळली. घट्ट, एका टोकाला बारीक, दुसऱ्याला जाड. श्वास घेतला आणि खाली गेली.

मी मोजायला लागलो. मला वाटतं सातपर्यंत मोजलं, मग पुढचा आकडा आठवेना. ती वर आली, खोकली, पुन्हा गेली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा बोलली, "सापडलं. पाणी ओढतंय आत." तिसऱ्यांदा ती इतका वेळ खाली होती की मी तिचं नाव घ्यायला लागलो, आधी हळू, मग जोरात, मग नुसतंच तोंड हलत होतं. माझ्या पाठीमागे खाली, होडीच्या पातळ फायबरपलीकडे, तिचा हात फिरवण्याचा आवाज येत होता. खर्र, खर्र. स्क्रू पिळतात तसा. मग तोही थांबला.

ती दुसऱ्या बाजूने वर आली. "बसलं," बोलली.

जॅकेट तिच्या हाताला लागेपर्यंत मी जिवंत नव्हतो. घातलं, चिमटी लावली. मग वर यायचा प्रयत्न केला. काठावर वजन टाकलं तशी मागे बुडालेली होडी आडवी व्हायला लागली, माझ्या खड्ड्यात कमरेपर्यंत पाणी. तिने लगेच हात सोडला. दुसऱ्या बाजूने केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं असतं तर दोघंही पाण्यात गेलो असतो, आणि तिला मला घेऊन पोहावं लागलं असतं.

"मी नाही चढत," ती बोलली. "पुढे जाऊन धरते. तुम्ही चालवा."

ती पुढे गेली आणि नाकाजवळची दोरी दोन्ही हातांनी धरून लटकली. तिच्या वजनाने नाक खाली आलं आणि वाऱ्याने ते फिरवणं कमी झालं. हे तिला माहीत होतं का आपोआप झालं, ते मी अजून विचारलेलं नाही. मला मात्र दुसरंच दिसत होतं. नाक आता पाण्यात दाबलेलं. त्याच्या खाली पुढचं बूच. आतून बसवलेलं. ते निघालं तर तिच्या हातातली दोरी तिला खालीच घेऊन जाणार. हे तिला सांगावं की नाही? सांगितलं तर ती पुन्हा जॅकेट काढेल. मी सांगितलं नाही.

मी तोंड उघडलं, काही तरी बोलायला. भीती वाटली की मी बोलतो, लहानपणापासून. ती बोलली, "बोलू नका. चालवा."

मग मी चालवत राहिलो. मगाने पाणी काढायला हात रिकामा नव्हता. उजवीकडे तीन, डावीकडे एक. उजवीकडे तीन, डावीकडे एक, नाही तर होडी कड्याकडे जायची. मागे भरलेला कप्पा म्हणजे शंभर लिटरचा कूलर दोरीने बांधून ओढल्यासारखं. आता आवाज यायला लागला होता. लाट खडकावर फुटते त्याच्या आधी एक क्षण शांत असतो, मग धाड. मी उजवीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि प्रत्येक वेळी बघितलं. सुनीताचं तोंड माझ्याकडे होतं, किनाऱ्याकडे तिची पाठ. ती फक्त माझं तोंड बघू शकत होती, आणि त्यावरून किती राहिलं ते वाचत होती. म्हणून मी तोंड सरळ ठेवायचा प्रयत्न केला. जन्मभर लोकांना हसवायला तोंड वाकडं केलं, ते सरळ कसं करतात ते मला त्या दिवशी येईना.

एकदा तिचा एक हात सुटला. तिने तो पुन्हा टाकला, बोटं दोरीवर बसली नाहीत, मग मनगट अडकवलं. "थंडी वाजतेय का?" मी विचारलं. तिने मान हलवली. हो का नाही ते कळलं नाही.

किती वेळ लागला ते मला माहीत नाही. वाळूवर दाजी आणि दोन माणसं धावत येताना दिसली. दाजी छातीपर्यंत पाण्यात आले. त्यांनी आधी सुनीताला दोरीवरून सोडवलं, तिची बोटं एकेक करून उघडावी लागली, मग त्या दोघांनी होडीचं नाक धरलं. कड्याच्या डाव्या अंगाला आम्ही वाळूत घुसलो. शेवटचा खडक उजवीकडे एवढा जवळ होता की त्यावरचे खेकडे दिसत होते.

वाळूवर

काकींनी सुनीताला घोंगडीत गुंडाळलं आणि गरम पेज पाजली. तिचे दात वाटीवर वाजत होते. माझ्या हाताच्या सालपटांतून रक्त येत होतं, ते मी कोणाला दाखवलं नाही, आणि दाखवण्यासारखं होतंही नाही.

गाव जमा झालं. दाजींनी होडी आडवी पाडली आणि मागचं झाकण काढलं. पाणी कितीतरी वेळ येत राहिलं, आणि शेवटी बूच बाहेर घरंगळलं. दाजींनी ते उचललं, तळाच्या भोकातली ओढणीची वात बघितली, पुढचं झाकण उघडून आत हात घातला. त्यांना समजायला एक मिनिटही लागलं नाही.

"पाणी भायर आसा मां?" ते हळू बोलले. "मगे बूच भितरसून कोणी लायल्यान?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. परवा ज्याला कारागीर बोलले तो मी.

"मी," सुनीता बोलली. घोंगडीतून. "सकाळी मी लावलं. मला माहीत नव्हतं."

मी तिच्याकडे बघितलं. ती पेज पीत होती.

आता इथे मी बोलायला पाहिजे होतं. नुसतं एक वाक्य. पण गाव बघत होतं, आणि माझं तोंड माझ्या आधी धावलं. मी बोललो, "आमच्या घरात स्टोव्हची पिनसुद्धा ही उलटीच लावते."

लोक हसले. जीव वाचल्यावर लोकांना हसायचंच असतं. सुनीताही हसली. दाजी हसले नाहीत. त्यांनी बूच माझ्या हातात दिलं आणि जाळ्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही होडीचे बोल्ट खोलले. दाजींनी मदत केली, बोलले काही नाही.

परत नया बाजारात

घरी आलो आणि गोष्ट आमच्या आधी पोचली होती. फौजीने कोणाला सांगितली, त्याने कोणाला. किला गेटला भाजीवाला सुनीताला बोलला, "भाभी, सुना आपने तो भैया को डुबो ही दिया था." ती हसून पालक घेऊन आली. हळदी-कुंकवाला बायकांनी विचारलं. तेव्हाही ती हसली. दोन महिने मी ऐकत राहिलो.

मग एके दिवशी दुकानात चार जण बसले होते, त्यातल्या एकाने पुन्हा तोच विषय काढला. मी बोललो, "बूच मैंने लगाया था. उसने नहीं. वो तो नीचे उतरी थी, मैं ऊपर बैठा था. मुझे तैरना नहीं आता." ते चौघं पोट धरून हसले. "वाह भैया, बीवी को बचाने के लिए क्या कहानी बनाई." मी परत सांगितलं. ते आणखी हसले. ज्याने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट स्वतःवर घेतली त्याचं खरं कोण ऐकणार. त्यांना तो आणखी एक किस्सा वाटला.

घरी येऊन सुनीताला सांगितलं की लोक मानत नाहीत.

"राहू द्या," ती बोलली. ती लसूण सोलत होती.

"तू का सांगितलंस तेव्हा की तू लावलं?"

"तुमचे हात बघत होते ते सगळे," ती बोलली. "त्याच हातांचं खातो आपण." मग थोड्या वेळाने, "पण स्टोव्हची पिन मी उलटी लावत नाही."

मी तिथेच, तिच्यासमोर, दाजींना फोन लावला. तिकडे कोंबडा ओरडत होता. मी बोललो, "दाजी, ते बूच मी लावलं होतं. कूलरसारखं. सुनीताने नाही."

"ठावक आसा माका," दाजी बोलले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू हसयलंस लोकांक. तां माका बरां नाय वाटला."

"हो," मी बोललो.

कोंबडा दोनदा ओरडला. मग ते बोलले, "तिका दी फोन."

सुनीताने लसणाचे हात पदराला पुसले आणि फोन घेतला. मला तिचंच ऐकू येत होतं. "हो काका... नाही, खोकला गेला... काकींना सांगा." मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली, माझ्याकडे न बघता.

"हो," ती शेवटी बोलली. "येऊ ना. यांना पोहता आलं की."